चकची चावी

लाकडाचे लाटणे, पाळण्याच्या गोल दांड्या आणि मुलांचा भोवरा या वस्तू कातारी कशा घडवितो, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. लाकडाचा तुकडा दोन्ही टोकांशी धरून गरगर फिरवायचा आणि त्यावर पटाशीची धार टेकवायची, म्हणजे नको असलेला भाग सोलून निघतो व उरलेला भाग गोल होतो. लोखंडाच्या बाबतीत हेच काम जे यंत्र करते, त्याला लेथ म्हणतात. पंपाचा दांडा, गाडीचा आस, सरकीच्या यंत्राचा रूळ, उसाच्या चरकाची खुंटी, जे काही गोल आणि अचूक मापाचे हवे असेल ते लेथवर होते. म्हणून लेथला सर्व यंत्रांची आई म्हणण्याचा प्रघात आहे.

जामनेरला माझ्या मामांचा एक लहानसा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याचे छप्पर असलेली एक लांबट खोली, मागे विहीर आणि विहिरीवर वाकलेले एक आंब्याचे झाड. खोलीच्या मध्यभागी एक जुना विलायती लेथ होता. त्याच्यावरची पितळी पाटी पुसून पुसून इतकी गुळगुळीत झाली होती, की ती कोणत्या गावाहून आली हे वाचता येत नसे. 1984 सालच्या उन्हाळ्याच्या सुटीत मी पाचोऱ्याहून अरुंद रुळांवरच्या छोट्या आगगाडीने जामनेरला गेलो. ही गाडी 2020 सालापर्यंत धावत होती; तिच्या खिडकीत बसून प्रवास केलेली मंडळी खानदेशात अजून पुष्कळ भेटतील. त्या वेळी मी बारा वर्षांचा होतो. सकाळी उठावे, न्याहारी करावी आणि मामांच्या मागोमाग कारखान्यात जावे, असा माझा नेम पडून गेला.

कारखान्यात मामा, एक वृद्ध मिस्त्री आणि एक उमेदवार अशी तीनच माणसे होती. मिस्त्री पूर्वी भुसावळला रेल्वेच्या कामावर होते. नोकरीतून मोकळे झाल्यावर ते जामनेरला येऊन राहिले होते. त्यांची नजर अधू झाली होती. परंतु लोखंडावरून नुसते बोट फिरवून ते कोठे उंचवटा राहिला आहे हे सांगत. ते फार बोलत नसत. मी कारखान्यात आलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक गोष्ट मात्र दोनदा सांगितली होती.

ती गोष्ट समजण्यासाठी लेथचे एक अंग आधी माहीत असले पाहिजे. ज्या लोखंडावर काम करावयाचे ते लेथमध्ये घट्ट धरावे लागते. हे काम चक करतो. चक म्हणजे एक जाड, जड, लोखंडी तबकडी. तिच्या तोंडावर तीन जबडे असतात. तबकडीच्या काठावर चौकोनी भोके असतात. त्यांपैकी एका भोकात चावी घालून फिरविली, की तिन्ही जबडे एकाच वेळी, सारख्याच अंतराने मध्याकडे सरकतात. मला याचे मोठे आश्चर्य वाटे. एक चावी फिरविली असता तीन जबडे कसे हलतात? मामांनी एकदा जुना चक उघडून दाखविला. आत एक वाटोळी चकती होती आणि तिच्यावर जिलेबीच्या वेटोळ्यासारखी एक खाच कोरलेली होती. जबड्यांच्या पाठीवरचे दाते त्या खाचेत बसलेले होते. चकतीच्या दुसऱ्या अंगाला दात्यांची कड होती. चावी फिरली की लहान दातेरी चाक फिरते, त्याने चकती फिरते, आणि वेटोळे तिन्ही जबड्यांना एकदमच आत ओढते किंवा बाहेर लोटते.

मिस्त्रींची गोष्ट या चावीबद्दल होती. ते म्हणाले होते, "चावी चकात असेल तर तुझा हात चावीवर असला पाहिजे. हात काढलास की चावीही काढ." चावी चकात विसरून कोणी लेथ सुरू केला, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते आणि समोरच्या माणसाचा प्राणही घेऊ शकते. जगातील सर्व कारखान्यांत हा नियम आहे. म्हणूनच मामांच्या कारखान्यात चावीला लेथच्या मागच्या भिंतीवर एक खिळा नेमून दिलेला होता आणि काम होताच ती तेथे जात असे.

वैशाखाचे दिवस होते. कांग नदीचे पात्र कोरडे पडले होते आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नसे. एका सोमवारी पहूरच्या बाजूचे एक शेतकरी बैलगाडीतून पंपाचा मोडलेला दांडा घेऊन आले. सारे त्यांना बापू म्हणत. त्यांच्या विहिरीवरचा पंप बंद पडला होता आणि दोन एकर केळीची बाग पाण्यावाचून उभी होती. केळीला खानदेशातल्या उन्हात पाणी चुकले, की पाने प्रथम घडी घालतात, मग कडेने करपतात, आणि घड धरलेले झाड मधोमध मोडून पडते. बापू मामांना म्हणाले, "भाऊ, परवापर्यंत झाला तर बाग माझी, नाही तर उन्हाची."

मामांनी नवा गज काढला, चकात घट्ट आवळला आणि काम सुरू केले. दुपारपर्यंत दांड्याची एक बाजू कातून झाली. तेवढ्यात वीज गेली. मामा व मिस्त्री जेवायला गेले, उमेदवार सावलीत आडवा झाला, आणि कारखान्यात मी एकटा राहिलो.

विहिरीवरच्या आंब्याला कैऱ्या लागलेल्या होत्या. खालच्या फांद्यांवरच्या केव्हाच संपल्या होत्या. वर एक घोस लोंबत होता. दगड मारून पाहिले, ते पोहोचेनात. मग मला खिळ्यावरची चावी दिसली. ती वीतभर लांब, हातात बसणारी, आडव्या मुठीची आणि चांगली वजनदार होती. पहिल्या फेकीत दोन कैऱ्या पडल्या. दुसऱ्या फेकीत एक पडली. तिसऱ्या फेकीत कैरी पडली नाही; चावी फांदीवर आपटली, वळली आणि सरळ विहिरीत गेली. पाण्याचा आवाज झाला, तोही फार मोठा नाही.

मी कठड्यावरून वाकून पाहिले. तळाशी हिरवे पाणी होते आणि त्यावर वर्तुळे पसरत होती. पुढचा अर्धा तास मी काय काय विचार केले ते येथे लिहीत नाही. कोणी विचारले तर काय सांगावे, याची तीन निरनिराळी उत्तरे मी तयार केली होती, एवढे सांगितले म्हणजे पुरे. मामा परत आले, वीज आली, आणि त्यांनी सवयीने मागे हात नेला. खिळा रिकामा होता. त्यांनी उमेदवाराकडे पाहिले. उमेदवार गडबडून इकडेतिकडे शोधू लागला. त्याचा चेहरा उतरलेला पाहिला आणि माझी तिन्ही उत्तरे घशातच राहिली. मी म्हणालो, "मामा, चावी विहिरीत आहे. मी कैऱ्यांना फेकून मारली."

मामा काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग ते विहिरीकडे गेले. बादली पडली तर काढण्यासाठी घरोघर दोराला बांधलेला लोखंडी गळ असतो. तो सोडून त्यांनी तळ ढवळून पाहिला. गळाला एक फुटकी कळशी लागली, एक पोहरा लागला, चावी लागली नाही. तळाला कमरेइतका गाळ होता. परत येऊन मामा म्हणाले, "चावी तू घालवलीस. आता नवी करायची तर तुझाही हात तिला लागला पाहिजे." यापेक्षा त्यांनी दोन थपडा दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

अडचण केवढी मोठी होती ते आता ध्यानात घ्या. बापूंचा दांडा चकाच्या जबड्यांत अडकलेला होता. तो उलटा करून दुसरी बाजू कातल्याशिवाय पंपात बसणार नव्हता, आणि चावीवाचून जबडे सुटणार नव्हते. पकडीने किंवा पान्याने ते सोडविता येत नाहीत. कारण फिरवावयाचा भाग चौकोनी भोकात खोल बसलेला असतो. गावातल्या दुसऱ्या कारखान्यातून चावी मागून आणली, परंतु त्यांचा चक लहान होता. त्यांची चावी आमच्या भोकात खुळखुळत फिरली. सैल चावीने जोर केला, तर चावीचे कोपरे झिजतात आणि त्याबरोबर भोकाचेही झिजतात. म्हणजे आज चावी गेली, उद्या चकही जाणार. उमेदवार दुपारच्या एस.टी.ने नेरीवरून जळगावला गेला. तेथे त्याला दोन मापांच्या चाव्या मिळाल्या, एक 10 मिलिमीटरची आणि एक 12 मिलिमीटरची. पहिली सैल झाली, दुसरी आत शिरेना.

असे का व्हावे? आपल्या देशात 1956 साली वजने व मापे यांचा कायदा झाला आणि पुढे टप्प्याटप्प्याने मीटर, किलोग्रॅम ही दशमान मापे रूढ झाली. त्यापूर्वी फूट आणि इंच चालत. मामांचा लेथ त्या काळातला होता. त्याच्या चकाचे भोक इंचाच्या सोळा भागांपैकी सात भाग, म्हणजे सुमारे 11.1 मिलिमीटर रुंद होते. कायदा बदलतो, शाळेची पुस्तके बदलतात; परंतु भरीव लोखंडाचे यंत्र आपली मापे बदलीत नाही. ते साठ-सत्तर वर्षे टिकते आणि आपल्या जन्मकाळचा इंच उराशी धरून बसते. जुन्या यंत्रांवर काम करणाऱ्या कारागिराला म्हणूनच दोन्ही भाषा याव्या लागतात.

खरे तर प्रत्येक कारखानदाराने आपापली मापे वापरावी, हीच पूर्वी रीत होती. एका कारखान्याचा स्क्रू दुसऱ्या कारखान्याच्या नटात बसत नसे. 1841 साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने सर्वांनी स्क्रूचे आटे एकाच पद्धतीने पाडावेत अशी योजना मांडली, आणि ती हळूहळू इंग्लंडभर मान्य झाली. हा व्हिटवर्थ तरुणपणी ज्याच्या हाताखाली काम करीत होता त्या हेन्री मॉडस्लेचे नाव यंत्रविद्येत मोठ्या आदराने घेतले जाते. मॉडस्ले अठराव्या वर्षाच्या सुमारास लंडनमधील जोसेफ ब्रामा या कुलूप करणाऱ्याकडे नोकरीस लागला. ब्रामाची कुलपे इतकी बिकट होती, की त्याने आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवून ते चावीवाचून उघडणाऱ्यास बक्षीस जाहीर केले होते. ते बक्षीस 1851 सालापर्यंत कोणालाही मिळविता आले नाही. अशा कुलपांचे भाग हाताने करणे फार खर्चाचे पडे, म्हणून मॉडस्लेने त्यासाठी यंत्रे रचली. पुढे 1800 सालाच्या सुमारास त्याने अचूक आटे पाडणारा लेथ तयार केला. परंतु तो पहिला अचूक लेथ ज्या हातांनी घडला, त्या हातांत कानस होती. मॉडस्लेची कानस चालविण्याची हातोटी त्याच्या सोबत्यांत प्रसिद्ध होती.

आपल्याकडेही यंत्रे करणारी यंत्रे करण्याचे धाडस पुढे झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. त्यांच्या उद्योगसमूहाचा हरिहर येथील कारखाना 1941 साली निघाला आणि तेथे लेथ होऊ लागले. स्वातंत्र्यानंतर 1953 साली बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. पण आमच्या विलायती लेथला यांपैकी कोणीही जामीन नव्हता.

मंगळवारी सकाळी मिस्त्री मला म्हणाले, "लेथची चावी करायची तर लेथ लागतो, आणि लेथ बंद आहे. आता काय करशील?" मी गप्प राहिलो. त्यांनी पेटीतून एक मोठी आणि एक बारीक अशा दोन कानशी काढून माझ्यासमोर ठेवल्या.

प्रथम माप घ्यावयाचे होते. मी म्हणालो, "जुनी चावी असती तर तिच्यावरून चटकन माप घेता आले असते." मिस्त्रींनी मान हलविली. "जुनी असती तरी तिचे माप मी घेतले नसते," ते म्हणाले. कारण त्यांनी त्या वेळी सांगितले नाही. त्यांनी धुण्याचा साबण पाण्यात भिजवून मऊ केला, त्याची कांडी केली आणि चकाच्या भोकात दाबून हलकेच बाहेर ओढली. तिच्यावर भोकाचा चौकोनी ठसा उमटला होता. तिन्ही भोकांचे असे ठसे घेतले. दोन भोकांचे कोपरे गोलसर झालेले दिसले. तिसरे भोक क्वचितच वापरात आले असावे, त्याचे कोपरे जसेच्या तसे होते. माप तिसऱ्याचे घेतले.

मग उमेदवाराने गोल सळई शोधली. चौरसाची बाजू 11.1 मिलिमीटर असेल तर तो कोणत्या जाडीच्या गोल सळईतून निघेल? हे मला काढता आले, कारण शाळेत पायथागोरसाचा सिद्धांत नुकताच शिकून झाला होता. चौरसाचा कर्ण बाजूच्या 1.414 पट असतो, 11.1 ला 1.414 ने गुणले की 15.7 येतात. म्हणून 16 मिलिमीटरची सळई पुरेशी होती. परीक्षेबाहेर माझ्या गणिताचा उपयोग त्या दिवशी पहिल्यांदा झाला.

सळईवर मोरचुदाचे पाणी लावले. मोरचुदात तांबे असते. घासलेल्या लोखंडाला ते पाणी लागताच तांब्याचा पातळ लाल मुलामा चढतो आणि त्यावर टोकदार सुईने ओढलेली रेघ स्पष्ट दिसते. रेघा ओढून झाल्या आणि उमेदवार व मी आळीपाळीने कानशीला लागलो. कानस पुढे लोटताना दाब द्यावा, मागे आणताना उचलावी. दोन्ही हात एका पातळीत राहिले नाहीत, तर सपाट बाजू बैलाच्या पाठीसारखी फुगते. माझी फुगली. मिस्त्रींनी गुण्या लावून उजेडाकडे धरला. फटीतून उजेडाची रेघ दिसली. "पुन्हा," ते म्हणाले. हा शब्द मी त्या आठवड्यात किती वेळा ऐकला त्याची गणती नाही. तिसऱ्या प्रहरी माझ्या तळहाताला फोड आले. चौथी बाजू उमेदवाराने घाईने पुरी केली, कारण बापू कारखान्याच्या उंबऱ्यावर येऊन बसले होते.

ते काहीच बोलत नव्हते. बागेचे काय, असे मामांनी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, की माळ्यावर वडिलांच्या वेळची पत्र्याची मोट पडली होती ती उतरविली. बैल धावेवर घातले आणि विहिरीशेजारच्या ओळींना थोडे थोडे पाणी दिले. मोटेचे पाणी बागेच्या टोकापर्यंत पोहोचत नव्हते. पलीकडच्या ओळींची पाने मिटू लागली होती.

चावी भोकात छान बसली. मामांनी मुठीवर जोर दिला. चक सुटला नाही, चावीच फिरली. बाहेर काढून पाहिले तर तिचा चौकोन सुतळीला पीळ द्यावा तसा पिळवटला होता.

"नरम लोखंड," मिस्त्री म्हणाले. लोखंडात कार्बन किती आहे यावर त्याचा स्वभाव ठरतो. घराच्या बांधकामाला वापरतात त्या साध्या सळईत शंभर भागांत पाव भाग किंवा त्याहून कमी कार्बन असतो. ती वाकते, पिळते, आणि तापवून पाण्यात बुडविली तरी फारशी कठीण होत नाही. मोटारीच्या आसाचे पोलाद निराळे. त्यात सुमारे चार-दशांश ते अर्धा भाग कार्बन असतो आणि ते तापवून एकदम थंड केले, की कठीण होते. मामांकडे एका मालमोटारीच्या मोडक्या आसाचा तुकडा होता. तो बोटभर नव्हे, चांगला मनगटाएवढा जाड होता. शेजारच्या लोहारदादांनी तो भट्टीत लाल करून ऐरणीवर घातला. मामांनी घण चालविला आणि अंधार पडेपर्यंत तुकड्याचे दोन चौकोनी गज तयार झाले. "दोन कशाला?" असे मी विचारले. "एक शिकायला," मिस्त्री म्हणाले.

बुधवारचा सारा दिवस कानशीत गेला. हे पोलाद सळईपेक्षा चिवट होते. कानस त्यावर पुढे पुढे घसरे. तथापि आता माझा हात थोडा बसला होता. संध्याकाळी लोहारदादांनी चावीचे टोक भट्टीत लालभडक केले आणि पाण्यात बुडविले. चर्र आवाज झाला. कानस लावून पाहिली, तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली. उमेदवाराला धीर धरवेना. मिस्त्री "थांब" म्हणेपर्यंत त्याने चावी चकात घालून जोर केला. टक् असा आवाज झाला आणि त्याच्या हातात नुसता दांडा राहिला. चौकोनाचा तुकडा भोकातच राहिला होता. एका बिघडलेल्या कर्ण्यातले चुंबक मामांनी काढून आणले आणि त्याने तो तुकडा बाहेर ओढला. तुटलेल्या जागी खडीसाखरेसारखे मोठे चमकदार कण दिसत होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बापूंच्या बागेची पाने माझ्या डोळ्यांपुढे येत होती. पहिली चावी नरम म्हणून गेली, दुसरी कठीण म्हणून गेली. मग चावी असावी तरी कशी?

गुरुवारी दुसरा गज मी आणि मिस्त्रींनीच घेतला. उमेदवाराने हाताने फिरवावयाच्या सामत्याने डोक्यात मुठीसाठी भोक पाडले. दुपारी चार वाजता चौकोन तयार झाला. या वेळी मिस्त्री स्वतः भट्टीजवळ बसले. त्यांनी दारावर गोणपाट टाकून खोलीत अंधार केला, कारण तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात ओळखता येत नाही. टोक चेरीच्या फळासारखे लाल दिसू लागले तेव्हा त्यांनी कालचे चुंबक जवळ नेले. चुंबक चिकटले नाही. पोलाद सुमारे 770 अंश सेल्सिअसला तापले, की त्याला चुंबक ओढीत नाही. कठीण करण्यासाठी त्याहून थोडेच पुढे जावयाचे असते. काल भट्टी फार पुढे गेली होती, म्हणून कण मोठे झाले होते. आणखी दोन श्वास थांबून त्यांनी टोक पाण्यात नव्हे, तर इंजिनाच्या जुन्या तेलात बुडविले. तेल पाण्यापेक्षा सावकाश थंड करते, त्यामुळे पोलादाला तडे जात नाहीत.

"आता लावायची?" मी विचारले.

"आता ती कालच्यासारखीच ठिसूळ आहे," मिस्त्री म्हणाले. "तिचा ताठा थोडा उतरवायचा आहे."

त्यांनी चौकोन घासून चकचकीत केला आणि लोखंडाच्या एका तापलेल्या ठोकळ्यावर ठेवला. मी टक लावून पाहू लागलो. प्रथम वाळक्या गवतासारखा फिका पिवळा रंग आला. मग तो तपकिरी झाला, मग जांभळा, आणि मग एखाद्या मोराच्या मानेवरून सरकावा तसा निळा रंग कडेकडून पुढे सरकत आला. "निळा!" मी ओरडलो. मिस्त्रींनी तत्काळ सांडशीने चावी उचलली. हे रंग म्हणजे पोलादावर चढणाऱ्या अतिशय पातळ गंजाच्या थराचे रंग होत. जसजशी उष्णता वाढते तसतसा थर जाड होतो आणि रंग बदलतो. पिवळा रंग सव्वादोनशे अंशांच्या सुमारास येतो. कानशीसारख्या, फक्त कठीण असाव्या लागणाऱ्या हत्यारांना तेवढे पुरते. निळा तीनशे अंशांच्या आसपास येतो. तेथपर्यंत गेलेले पोलाद थोडी कठिणता सोडते आणि तिच्या बदल्यात चिवटपणा घेते. कारागिराच्या अधू डोळ्यांनाही तीनशे अंश दिसतात, ते असे.

शेवटी मिस्त्रींनी चावीच्या टोकाभोवती एक लहान स्प्रिंग बसविली. चावी चकात घालून दाबावी लागे. हात सोडताच स्प्रिंग तिला बाहेर ढकलून देई. आता ती विसरायची म्हटले तरी चकात राहणार नव्हती. मूठही त्यांनी मुद्दामच आखूड ठेवली. लांब मुठीने जोर पुष्कळ मिळतो, परंतु तो जोर शेवटी चकाच्या दात्यांवर पडतो.

दिवे लागले होते. बापू, लोहारदादा, उमेदवार सारेच लेथभोवती उभे राहिले. मामांनी चावी माझ्या हातात दिली. मी ती तिसऱ्या भोकात घातली, स्प्रिंग दाबली आणि मुठीला लोंबकळलो. काहीच हलले नाही. मामांनी माझ्या हातांवर आपले हात ठेवले. चक करकरला, आणि तिन्ही जबडे एकदम मागे सरले.

मामा व मिस्त्री त्या रात्री थांबूनच काम करीत राहिले. मध्ये एकदा वीज गेली, तेव्हा कंदिलाच्या उजेडात सारे वाट पाहत बसले. पहाटे दांडा तयार झाला. तो गोणपाटात गुंडाळून बापूंनी गाडीत ठेवला. पैशांचे विचारले तेव्हा मामांनी फक्त दांड्याचे सांगितले. बागेच्या पलीकडच्या तीन ओळी गेल्या, असे पुढे आठ दिवसांनी कळले. बाकीची बाग वाचली. त्या तीन ओळी माझ्या होत्या, हे मला कोणी बोलून दाखविले नाही.

1986 च्या उन्हाळ्यात मी पुन्हा जामनेरला गेलो. त्या वर्षी विहीर आटली होती आणि मामांनी गाळ काढावयास माणसे लावली होती. चौथ्या दिवशी टोपलीतल्या चिखलात जुनी चावी वर आली. ती गंजून काळी पडली होती. मी ती धुतली, राखेने घासली आणि धावत मिस्त्रींकडे घेऊन गेलो. त्यांनी तिच्यावरून बोट फिरविले आणि कॅलिपर लावून माझ्यापुढे धरले. कोपरे गोल झाले होते आणि चौकोन जेमतेम साडेदहा मिलिमीटर उरला होता.

"हिचे माप घेऊन चावी केली असती, तर?" त्यांनी विचारले. मग उत्तराची वाट न पाहता त्यांनी ती भंगाराच्या ढिगावर टाकली आणि भिंतीवरच्या खिळ्यावरून आमची चावी काढून कामाला लागले.